डावीकडे कललेलं घर

रात्री झोपताना सरळ होतं.
सकाळी टेबलावरची पेन्सिल घरंगळत आली
आणि माझ्या कपाला टेकून थांबली.
मर्ल म्हणाला, मागची डावी बाजू.
त्याला पेन्सिल दिसली नव्हती. त्याने ती ऐकली.

चाळीस फुटांची गाडी. संगमरवरी फरशी,
कातड्याच्या खुर्च्या, बटण दाबलं की
कपाटातून वर येणारा टीव्ही,
आणि बटण कितीही दाबलं तरी
आत न सरकणारी स्वयंपाकघराची भिंत.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
तरी आम्ही ती घेतली, लिलावात,
फार्गोचं घर तळघरासकट विकून,
कारण मर्लने इंजिनाला कान लावला
आणि कितीतरी वर्षांनी शीळ घातली.

फीनिक्सचा वर्कशॉपवाला फोनवर म्हणाला,
सहा आठवडे थांबा, साडेचार हजार डॉलर,
बाकी पाहिल्यावर कळेल.
पाहिल्यावर!
आमच्याकडे पाहण्याचं काम हल्ली मी करते.

चाळीस वर्षं तो गाडीखाली, मी टॉर्च धरून.
टॉर्च धरणाऱ्याइतकी बोलणी जगात कुणी खात नाही:
इकडे नाही, तिकडे,
माझ्या डोळ्यांत नको,
हात हलवू नकोस, ऑर्फा.
आता त्याच्या नजरेच्या मधोमध
एक राखाडी डाग आहे,
तो जिथे पाहील तिथे आधी जाऊन बसणारा.
म्हणून मी खाली,
तो घडीच्या स्टुलावर, टॉर्च त्याच्या हातात,
आणि टॉर्च भर दुपारी
अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाला उजेड दाखवतेय.
मी काही बोलत नाही.
एकदा बोलले.
चाळीस वर्षांचं थोडं व्याज तरी वसूल व्हायला हवं.

आधी ठोकळे, तो म्हणतो.
लावले.
दोन्हीकडून?
दोन्हीकडून.
हात लावून सांग.
चौदा टनांखाली शिरणाऱ्या बायकोशी
याहून गोड काय बोलणार माणूस.

वर इटलीचा संगमरवर. खाली
डाकोटाच्या रस्त्यांवरचं मीठ, त्या मिठाचा गंज,
कुणीतरी घाईत गुंडाळलेल्या वायरी,
आणि अ‍ॅक्सलच्या खोबणीत रानउंदराने
निवडुंगाचे काटे रचून थाटलेला संसार.
आमचं बिऱ्हाड विंचवाचं, पाठीवरचं.
त्याचं आमच्या पोटाखाली.

भांडी घासायचा साबण, पाणी, फवाऱ्याची बाटली.
एकेक जोड भिजवत गेले. काही नाही.
पाठीला खडे, केसांत ग्रीस, नाकात डिझेल.
थांब, मर्ल म्हणाला,
युसेबियोला जनरेटर बंद करायला सांग.
शेजारच्या युसेबियोने जनरेटर बंद केला,
न सांगता कुत्राही आत नेला.

मग काहीच उरलं नाही ऐकायला,
आणि त्यातून मर्लने उचललं:
तुझ्या डाव्या कोपराच्या वर. एक वीत.

तिथे साबण मारला.
एक बुडबुडा आला, फुगत गेला,
त्यात माझं नाक भोपळ्याएवढं,
फुटला.
दुसरा आला.

एक रबराची रिंग. चिरलेली.
युसेबियोच्या कॉफीच्या डब्यात तसल्या शंभर होत्या,
पैसे विचारले तर तो चिडलाच.

पाईपावर जुनी चिकटपट्टी होती, पेन्सिलचं अक्षर:
बदलली. मार्च. आर.
साल उंदराने खाल्लेलं.
कोण हा आर., आणि त्याला टॉर्च कुणी धरली होती?
मी त्याखाली आजची तारीख घातली,
आमची दोन अक्षरं घातली,
त्याचं आधी.
काय खरडतेयस? वरून आवाज आला.
मापं, म्हटलं.

रात्री पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.
जागची हलली नाही.
मर्ल अंथरुणात, डोळे मिटून, कान उघडे.
पाण्याचा पंप, तो म्हणाला,
मधेच सुरू होतोय. कुठेतरी थेंब जातोय.
उद्या.
बाथरूमच्या अंगाला.
उद्या, मर्ल.

दिवा मालवला.
आणि मग मलाही ऐकू यायला लागला.