कोरडा गेला

औरादच्या स्टँडवर पहाटे उतरलो
तेव्हा जमीन हलत होती.
अठ्ठावीस दिवस रिगवर काढले की
ती दोन-तीन दिवस हलतेच.

अप्पा अंगणात तांब्या घेऊन चूळ भरत होते.
म्हणाले, "लागलं का?"

आमच्या घरात ख्यालीखुशाली अशीच विचारतात.
अप्पांनी चाळीस वर्षं लोकांना पाणी दाखवलं.
तळहातावर आडवा नारळ,
तो उभा राहिला की टाचेनं खूण,
आणि बोअरची गाडी.
मी शाळा बुडवून गाडीमागं बसायचो.
मुरुगेसन ड्रायव्हर दर दहा फुटाला
भुकटीची एक ढेरी मांडायला लावायचा:
तांबडी, पिवळी, राखी,
मग काळी, काळी, काळी.

पुढं डिग्री झाली, कंपनी झाली,
काम तेच राहिलं.
दर पाच मीटरला चाळणीवरून मूठभर चुरा,
धुवायचा, कापडी पिशवीत भरायचा, वर खोली लिहायची.
फरक एवढाच की पायाखाली ऐंशी मीटर समुद्र,
आणि तेल असलं तर निळ्या दिव्याखाली चुरा
हळदीच्या हातासारखा उजळतो.

नाही उजळला.

"कोरडा गेला," मी म्हणालो.
तांब्या हवेतच राहिला.
"समुद्रात?"
"समुद्रात."
अप्पा इतके हसले की चूळ बनियनवर सांडली.
भिंतीपलीकडं हाक गेली, "रेवणसिद्धा, ऐकलास का,
पोरगं दर्यात उभारून कोरडा बोअर पाडून आलंय!"

मीही हसलो. बरं वाटलं.
तिथं कोणी हसलं नव्हतं.
काकीनाड्याचा ड्रिलर दोन दिवस बोललाच नाही.
साहेबानं फोन खाली ठेवला
आणि बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन टाकला.
मग सिमेंटची तीन बुचं, एकावर एक.
सकाळी टग आल्या, रिग निघाली,
मागं वळून पाहिलं तर
कुठं होतो आम्ही, ते पाण्याला माहीत नव्हतं.
इथं वाया गेलेल्या बोअरवर
निदान एक धोंडा ठेवतात,
लेकरू जाऊ नये म्हणून.

जेवणं झाल्यावर पुडी काढली.
आणायची नसते. चिमूटभरच होती.
"हे कुठलं?"
"तळाचं. तीन हजार एकशे चाळीस मीटर.
हा दगड लागला की थांबायचं, असं ठरलेलं होतं."

अप्पांनी चष्मा शोधला नाही.
बोटांत चोळलं, नखावर दाबलं,
जिभेच्या टोकाला लावलं.
बराच वेळ गेला.
"खारट हाय," म्हणाले. "पर आपलाच हाय.
वड्याच्या अंगाचा. काळा."

त्या रात्री सूक्ष्मदर्शकात डोळा घातल्यावर
मलाही हेच वाटलं होतं.
रिपोर्टात मी लिहिलं:
काळा, कठीण, तेलाचा मागमूस नाही.
बाकीच्यासाठी त्यात रकाना नसतो.

चुरा त्यांनी फेकला नाही.
तंबाखूच्या डबीत, चुन्याचा कप्पा रिकामा करून,
तिथं ठेवला, झाकण दोनदा दाबलं.
"उद्या हलगऱ्याला एकाचा पॉइंट बघायचाय," म्हणाले.
"यतूस का?
नारळ तू धर. माझा हात हलालाय आता."

माझ्या पायाखालचं अजून हलायचं थांबलं नव्हतं.
येतो म्हणालो.