केलामन

आर्वीहून धनोडीची दुपारची एसटी
रोहण्याच्या अलीकडे पंक्चर झाली,
आणि शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरची
सुक्या जर्दाळूंची पिशवी बोटाने दाबून पाहिली.
कोठून आली? कोणाची व तू? काय शिकाले गेलती?
उझबेकी.
थे का असते?
बोली.
शिकून का भेटते?

आठ आठवड्यांत हे उत्तर
कोणत्याच धड्यात नव्हतं.
मी त्यांना जर्दाळू दिला.

समरकंदला रव्शन-डोमला, म्हणजे गुरुजी,
सकाळी नऊला फळ्यावर एक शब्द लिहायचे
आणि त्याच्या शेपटीला प्रत्यय जोडत जायचे,
पुलगावच्या यार्डात मालगाडी जोडतात तसे,
दणके देत.
घशाच्या तळातला त्यांचा क मला येईना.
मग आमच्या विहिरीत रिकामी बादली
पाण्याआधी खडकावर आपटते ते आठवलं.
दुसऱ्या दिवशी आला.

फजितीही झाली. हिंदीच्या भरवशावर
सब्जी मागितली, तर किलोभर गाजरं मिळाली.

पण त्या भाषेत तो नाही, ती नाही, ते नाही.
सगळ्यांना मिळून एकच: उ.
घरमालकीण मुहब्बत-ऑपा उ, तिचा नवरा उ,
अंगणातली शेळी उ, गेलेली लाइटसुद्धा उ.
मी वही मिटून एकटीच हसत बसले.
पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी
मी 'येतो' म्हटलं होतं
आणि अख्खी खोली गाद्यांवर लोळली होती.
येतो नाही गं, येते. म्हण, ये-ते.
तीन वर्षं जीभ घासून घेतली.
इकडे माय अजून येतो, जातो, करतोच म्हणते.
दोन बाळंतपणं, एक ऑपरेशन, तीस हंगाम निंदण,
एवढं करून बाईपण
क्रियापदातही दिसायला हवं
असं तिला कधी वाटलं नाही.

निघायच्या पहाटे ऑपाने नान पुढे केला.
एक घास तोड, म्हणाली.
उरलेला भिंतीच्या खिळ्याला टांगला.
परत येऊन तूच संपवायचा, अशी तिकडची रीत.
फाटकाशी मला 'जाते' म्हणवेना,
आपल्यात कोण म्हणतं?
म्हणून म्हटलं: केलामन. येतो. येते. काहीही.
ऑपाने माझा हात सोडला नाही.
कचॉन? तिने विचारलं.
कधी?

टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला.
आपल्याकडे येतो म्हणणाऱ्याला
हे कुणी विचारत नाही.
माझ्याकडे तारीख नव्हती.

घरी मायने पिशवीतलं सगळं खाटेवर मांडलं,
चहाच्या निळ्या वाट्या, रुमाल, प्रमाणपत्र उलटं.
पराटीले का म्हणतात थे लोकं?
ग़ोज़ा.
अन् सरकीले?
चिगित.
चिगित, ती म्हणाली, दोनदा, चव घेतल्यासारखं,
मग लसूण सोलायला बसली.

रात्री ऑपाचा आवाज आला मोबाइलवर,
बारा सेकंदांचा. नान वाळला म्हणे, दगड झालाय,
पण उंदरांपासून उंच आहे.
मी उत्तर टाईप केलं, खोडलं.

आज सकाळी माय खुरपं घेऊन निघाली.
पराटीला पाती धरलीत, गवतही तेवढंच.
डबा कमरेशी, डोक्यावर माझा नवा रुमाल,
दारातून मागे न बघता म्हणाली, येतो वं मी.

कवा?

ती थांबली. उंबऱ्यावर एक पाय.
माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी तिकडचंच काही बोलले.
कवा म्हंजे?
कवा येशीन?

तिने आभाळाकडे पाहिलं,
मग धुऱ्यापलीकडच्या वावराकडे,
तासं मोजल्यासारखं.
आठ तासं रायली, ती म्हणाली.
चार वाजता येतो.