पाठमोरा

निवतीला थंडी म्हणावी अशी पडत नाही,
पण पौषात डोंगराकडून पहाटे जो वारा सुटतो
तो ओठ फोडतो, टाचा फोडतो,
उलट्या घातलेल्या होड्यांच्या फळ्या उकलतो.
यंदा त्याने खोक्यातल्या जनावराची कातडी धरली.

जनावर म्हणजे धामण.
दिवेलागणीनंतर सुगंधा तेवढंही म्हणत नाही,
"लांबडं जेवलं काय?" असं विचारते.

चवळीच्या मळ्याला कुंपण म्हणून टाकलेलं जुनं जाळं,
त्यात अडकली होती.
दोन बोटांचा आस, नायलॉन,
आणि गाठ माझीच; माझी गाठ मी अंधारात ओळखतो.
नऊ आस कापले तेव्हा सुटली.
वनखात्याच्या गवस मॅडमनी वहीत नोंद केली,
म्हणाल्या, जखम भरेपर्यंत राहू दे तुमच्याकडे, तांडेल.
नंतर सोडू.

जखम भरली. कात निघेना.
डोळ्यांवर निळसर साय आली, आठवड्याने उतरली,
तरी कात जागच्या जागी,
कुठे जुन्या चुन्यासारखी पोपडे धरून,
शेपटीकडे तर दोरा गुंडाळल्यासारखी आवळलेली.
बोट फिरवलं की कांद्याच्या सालीचा आवाज.

मी खोबरेल घेऊन बसलो,
माझ्या टाचांना रोज रात्री लागतं तेच,
वाटीत गोठलेलं.
"जनावराक त्याल लावतास? उद्या वेणी घालशात!"
मॅडमही फोनवर तेच म्हणाल्या, जरा सभ्यपणे.
तेल नको. नखाने सोलायचं तर नावच नको.
कोमट पाणी, ओलं गोणपाट, आणि वाट बघणं.

मग रोज दुपारी प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाणी,
आधी मनगट बुडवून बघायचं,
मुलगा तान्हा असताना सुगंधा बघायची तसं.
मुलगा आता कुवेतला असतो.
अर्धा तास ती पाण्यात, नाकपुड्या तेवढ्या वर,
मग गोणपाटाच्या दोन घड्यांमध्ये.
सहाव्या रात्री घड्यांतून रांगत बाहेर आली
आणि कात आत विसरली,
घाईत काढलेल्या मोज्यासारखी, उलटी.
मी ती अंगणात उन्हाला धरली.
गळ्याखाली हातभर अंतरावर एक फट होती,
तीन खवल्यांएवढी, जिथे नायलॉन रुतला होता.
सुई दुसऱ्या हातातच होती.
खाली ठेवली.

एवढं होऊन जेवण नाहीच.
पोकळ्यांच्या रेशन दुकानातले उंदीर, मेलेले, ताजे,
सकाळी तसेच. मांजरांची चैन.
सव्वीस दिवस.
मी स्टूल घेऊन खोक्यासमोर बसायचो,
खा गो बाय, म्हणायचो,
ती जीभ काढून माझ्या आवाजाची चव घ्यायची
आणि काचेवर नाक आपटायची.

सुगंधा एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली,
"तुमच्यासमोर कोणी असो डोळे लावन बसलो,
तर घास उतरात घशाखाली?"

आता मी काय करू?
चाळीस वर्षं बघण्याचेच पैसे घेतले.
एकेक आस डोळ्याखालून घालायचा,
कुठे तुटलाय, कुठे तुटेल.
न बघणं मला कुणी शिकवलंच नाही.

तरी खोक्यावर जुनी ताडपत्री टाकली,
आत करवंटी उपडी ठेवली, लपायला, म्हणजे निदान डोकं लपवायला,
आणि समुद्राकडे तोंड करून जाळं विणायला बसलो.
पाठीला कान फुटले होते.
दुपार गेली. बंदरावर लिलावाची हाकाटी झाली.
मागे काहीतरी सरकलं,
थांबलं,
सरकलं.
माझी एक गाठ चुकली, दोन चुकल्या,
मी मान वळवली नाही.

सकाळी ताडपत्री उचलली.
उंदीर नव्हता.
तिच्या अंगात मधोमध एक गाठ होती,
माझ्या हातची नव्हे.

गवस मॅडमनी सांगितलंय, जेवली की लगेच कळवा.
कळवीन.
आज रविवार. त्याही घरी असतील,
कशाला त्रास.