रकाना

कुताइसीच्या बाजारात, चीजवालीसमोर,
त्सिआलानं पिशवीत हात घातला
तर तो थेट तळाला टेकला.
पुन्हा घातला. मग कोटाचे खिसे,
मग, उगीचच, बाही.

"असू द्या हो, उद्या द्या," चीजवाली म्हणाली,
आणि तोललेला गोळा
परत मिठाच्या पाण्यात सोडला.

बँकेतली पोरगी विचारते, शेवटचा खर्च कुठे?
औषधांच्या दुकानात.
कशावर?
तेही सांगायचं असतं?
कार्ड एका टिचकीत मेलं.

चाळीस लारी रोख. गेले ते गेले.
पण आतल्या कप्प्यात जुंबेरची चिठ्ठी होती:
अक्रोड, बल्ब, तुझ्यासाठी काहीतरी.
सहा वर्षं झाली. ते काहीतरी म्हणजे काय
हे सांगायला तो बाजारातून आलाच नाही.
पोलिसांच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात बसवायचं हे?
'कागद, एक,' तिनं लिहिलं.
किमतीपुढे रेघ ओढली.

नवव्या दिवशी पाकीट
जिन्याखालच्या टपालपेटीत.
पैसे नाहीत. चिठ्ठी आहे, घडीसकट.
आणि तिला चिकटून एक पावती, परक्याची:
पाव, दूध, लहान मुलांचं खोकल्याचं औषध,
लोणी (महागातलं),
एक आइस्क्रीम.
चष्मा लावून तिनं बेरीज तपासली.
अडतीस लारी साठ. बरोबर होती.

"खोकल्यावर आइस्क्रीम!"
रिकाम्या स्वयंपाकघरात ती ओरडली,
"अक्कल आहे का?"

दोन्ही कागद एकाच कप्प्यात गेले.
रात्री दिवा घालवून ती बराच वेळ
कान देऊन पडली,
भिंतीपलीकडे कुणी खोकतंय का.