माया दोन इंच

बजाजखान्यातलं हफीज मास्टरांचं दुकान
दिवाळीनंतर उठणार असं कळलं,
म्हणून गेलो. शिवायचं काही नव्हतं.
मशीन आधीच विकलेलं,
फरशीवर त्याच्या पायांचे चार गंजके ठसे,
आणि स्टुलावर मास्टर, मांडीवर वह्यांची चवड.
"टोकेकर ना? आप लोग तीसरी कॉपी में हो, भिया."

आमचं घर उर्दूत आहे, मला ठाऊक नव्हतं.
उजवीकडून डावीकडे वाढत गेलेलं,
मला एक अक्षर न लागणारं.
मास्टर बोट ठेवून वाचत गेले
आणि मी ओळींच्या खाली पेन्सिलीनं.

अण्णा, सन बासष्ट. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.
माझ्या आठवणीतले अण्णा
कधीच अठ्ठावीस नव्हते.
डावा खांदा उतरता, आत भरणी घालणे.
सन एक्क्याऐंशी, छाती एकोणचाळीस.
सन चौऱ्याण्णव, पुन्हा चौतीस.
बाही मात्र तिन्ही वेळा तेवीसच.
"आदमी घटता है," मास्टर म्हणाले,
"हाथ नहीं घटते."

वसंतकाका, लग्नाचा सूट, ट्रायल तीनदा,
बाकी रुपये साडेअकरा.
काका जाऊन सात वर्षं झाली. बाकी मी दिली.
मास्टरांनी मोजून घेतली,
सुटे आठ आणे नाहीत म्हणून हळहळले,
आणि ओळीवर काट मारली.

मग पान उलटताना थांबले.
श्रीरंग. सन अडुसष्ट.

हे नाव मी आयुष्यात दोनदा ऐकलं होतं,
दोन्ही वेळा लोटलेल्या दाराबाहेरून.
त्याचा जो एक फोटो होता
तो आईनं कान्ह नदीत सोडला,
एवढंच आत्या कधीतरी बोलून गेली होती.
तो उंच होता की ठेंगू,
माझ्यासारखा होता की कुणासारखा नव्हता,
विचारायचं कुणाला?

शाळेची निळी चड्डी, नग दोन.
कंबर एकवीस. लांबी अकरा.
आणि पुढे एक शब्द,
मास्टरांनी तो जरा चाचपत वाचला: मा-या.
"ये तुम्हारे वालिद का लफ़्ज़ है. हम तो दाब बोलते हैं.
उन्होंने कहा, लिखो जैसा मैं बोलता हूँ.
माया दो इंच. बच्चा बढ़ रहा है."

ती चड्डी मी घातली आहे.

फोटो सोडले तरी कापड कुणी टाकत नाही.
पहिलीत ती मला तशीच बसली,
तिसरीत आत्यानं खालची शिवण उसवली.
वरची चड्डी दगडावर आपटून आपटून
राखेच्या रंगाची झालेली,
आणि खाली दोन इंच
अजून उन्हाला न दाखवलेला
गर्द, दुकानातला निळा.
रामबागेतली पोरं पट्टी, पट्टी म्हणून ओरडायची.
मी रडून नवी मागायचो.
आई म्हणायची, दिसत नाही रे.
आणि बघायची तिथेच.

मास्टरांनी ब्लेडनं दोरा कापून पान सोडवलं.
जाताना सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला,
डावीकडे किंचित दाबून पाहिलं,
काही बोलले नाहीत.

पानाच्या पाठीमागे कुणी गंगवाल आहेत.
मे महिन्यातलं लग्न, शेरवानी, पोट सांभाळून.
तेही आता आमच्याकडेच राहतील, इलाज नाही.

राजवाड्याजवळ लॅमिनेशन करणाऱ्या मुलानं
पान दोन्हीकडून पाहिलं, उलटं केलं, सुलटं केलं.
"अंकल, इसमें सीधा कौन-सा है?"

मला सांगता येईना.
मी नुसतं पेन्सिलीच्या अक्षरावर बोट ठेवलं.