इटची जागा

लहरीपुऱ्याच्या बाजूला, लीलो चेवड्याच्या दुकानावर
दुसरा मजला. सहा बाकं, एक फळा,
जिन्यातून वर चढणारा तळलेल्या बटाट्याचा वास.
संध्याकाळच्या बॅचला नारायण पिसे येतात,
वय त्रेपन्न, मांडवीत शिलाईचं दुकान.
मार्चमध्ये लेस्टरला निघालेत,
कुणाच्या तरी आल्टरेशनच्या गाळ्यात बसायला.
मापाची टेप गळ्यातच विसरून येतात. पोरं हसतात.
मी हसत नाही, मी एकदा
केसात खडू खोचून बँकेत गेले होते.

आज फळ्यावर टेक इन, लेट आउट.
त्यांच्याच धंद्यातलं: आत घेणे, सैल सोडणे.
"टेक इन द शर्ट." बरोबर.
"टेक द शर्ट इन." तेही बरोबर.
"टेक इन इट."
चूक.
"का? शर्ट चालतो, मग इटनं काय घोडं मारलंय?"
म्हटलं, शर्ट वजनदार, कुठेही उभा राहतो.
इट हलकं. त्याला मधेच बसावं लागतं.
टेक इट इन.

मग लुक आफ्टर लिहिलं.
ते छाती काढून म्हणाले, "लुक हर आफ्टर."
नाही पिसेकाका, इथे नाही. इथे हर शेवटी.
ते फळ्याकडे बघत राहिले,
लग्नाच्या आदल्या रात्री
गिऱ्हाइकाने गळा बदलायला सांगावा तसे.
"आलं ध्यानात. तो धावदोरा होता,
मधे काहीही सरकवा.
हा मशीनचा टाका. उसवल्याबिगर आत जागा नाही."

वीस वर्षं शिकवतेय.
माझ्या वहीत याहून बरा नियम नाही.

"पण ओळखायचं कसं, धावदोरा कुठला, टाका कुठला?
कापड उलटं करून बघता येतं. याचं काय उलटं करू?"
पाठ करा, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

आपलं बरं. मला, माझ्याकडून, तुझ्यासाठी:
अंगालाच अस्तर लावलेलं,
वाक्यात पुढे टाका, मागे टाका, चुरगळत नाही.
तिकडे टेल मी चालतं, एक्सप्लेन मी चालत नाही,
दाराशी टू उभा असल्याशिवाय मला आत घेत नाहीत.
का, ते मलाही कुणी समजावलेलं नाही.

शेवटची वीस मिनिटं मुलाखत. मी मालकीण.
"हू टॉट यू?"
"माय ब्रदर लर्न मी."
मागच्या बाकावर खसखस.
लगेच दुरुस्त करायला हवं होतं,
पण त्यांनी टेप गळ्यातून काढली, बोटाला गुंडाळली
आणि मराठीत, हळू, गुजराती पोरांना कळू नये असं सांगितलं:
दुकान दोघांचं. गेल्या दिवाळीपासून मधे प्लायवूड.
अलीकडे हे, पलीकडे गजाननभाऊ.
मीटर एकच. कात्री कुणाची यावरून झालं.

मी लिहिलं: आय लर्न्ट इट फ्रॉम हिम.
त्यांनी बोटं मोडून माणसं मोजली. मी, ते, तो.
"तिघं. आणि धरायला एकटा फ्रॉम?"
सात-आठदा म्हटलं. दरवेळी फ्रॉम निसटायचा.
"आय लर्न्ट इट हिम."
एकदा नुसतंच, "आय लर्न्ट हिम."
तेही मी दुरुस्त केलं.
घरी जाताना, सुरसागराच्या कठड्यापाशी,
वाटलं, ते एक राहू द्यायला हवं होतं.

माझा जांभळा ब्लाउज आत घ्यायचा आहे.
शनिवारी मांडवीत जाईन.
दोन दारं आहेत म्हणे आता.
कुठल्या दारात देऊ,
अजून ठरत नाहीये.