सोपी वाट

गुरुवारी रात्री, रास अल खैमातल्या आमच्या दोन खोल्यांत,
जेवणं आटोपल्यावर टेबल पुसून
मी शौकाच्या वाटेचा नकाशा मोबाइलवर उघडतो.
सोपी. दोन तास. लहान मुलांना झेपेल.
धरणापासून निघते, धरणापाशीच येते.

वैजयंता यादी करते पेट्रोलच्या पावतीमागे:
पाणी माणशी दोन लिटर, बाबांना अडीच,
टोप्या, दशम्या, लसणाची चटणी,
मुक्ताचे चमकणारे बूट नकोत, जुनेच.
शनिवारी सहाला निघायचं, उन्हाआधी गाडीत परत.

वाडीतून जाते वाट, मी सांगतो.
बाबा विचारतात, किती घरं?
एकही नाही. इथे वाडी म्हणजे
पाणी निघून गेल्यावर उरते ती जागा.
"मंग आपलीबी तशीच," बाबा म्हणतात,
आणि बडीशेप चघळत राहतात.

बाबांचा डावा कान अर्धाच आहे.
चौतीस वर्षं झाली. चैतातली पहाट,
मोहाखाली टोपली घेऊन वाकलेले.
अस्वलाची चूक नव्हती, ते अजून सांगतात.
त्याचं तोंड फुलांत, माझंबी फुलांत.
दोघंही खालीच पाहत होतो.

म्हणून त्यांची यादी निराळी.
फटफटल्याशिवाय निघायचं नाही.
वळण आलं की आधी खाकरायचं.
पोरगी मधात.
वारा कोणीकडून येते, पाहून ठेवायचं.
भेटलंच, तर पळायचं नाही,
बोलत बोलत मागं सरायचं.
काय बोलायचं, मी विचारतो.
"काहीबी. घरचं."

वैजयंता हसत नाही. चटणीच्या खाली
सगळं लिहून घेते. सहा खोडून सात करते.

बाबा, इथे अस्वल नाही हो.
बकऱ्या आहेत, एखादं मोकाट गाढव.
फक्त एक, डोंगरावर ढग दिसला
तर वाडीत उतरायचं नाही.
इथे थेंब नसतो आणि वरून पूर येतो, न सांगता.
"न सांगता येते ना," बाबा म्हणतात,
"मंग तेच ते."

मुक्ताचं अस्वल उशाशी झोपतं, निळं आहे.
ती आजोबांच्या कानाला बोट लावून विचारते,
मग त्याने परत नाही दिला?
"ते त्याच्या घरी गेलं, बाई. मी दवाखान्यात."

मग बाबा बॅगेच्या तळातून घंटी काढतात.
बैलाची, पितळेची, विमानतळावर
एका गणवेशातल्या पोराने दोनदा वाजवून पाहिलेली.
तिच्या पिशवीला बांधतात, सुतळीच्या दोन गाठी.

मी नको म्हणणार असतो.
तिथे लोक येतात काठ्या घेऊन,
हळू बोलतात, पक्षी बघतात.
अकरा वर्षांत मी इथे न वाजता राहायला शिकलोय:
लिफ्टमध्ये, कॅम्पच्या ऑफिसात,
भिंतीपलीकडचं बाळ झोपलेलं असताना.
पण बाबांचा व्हिसा अजून नऊ दिवसांचा.
मोह गळायच्या आत ते परत.
मी गाठ घट्ट आहे का तेवढं बघतो.

शुक्रवारी उशिरा सगळे झोपल्यावर
बाटल्या फ्रीजरमध्ये आडव्या ठेवतो,
मोबाइलवर ढग बघतो. नाहीत.
पिशवी वाटेतून उचलून दाराशी नेताना
घंटी वाजते.

आतल्या खोलीतून, झोपेतच,
बाबांचा आवाज:
"हो. इकडं आहो."

मी अंधारात थांबतो.
पिशवी खाली ठेवायची आहे,
ठेवत नाही.
पुन्हा एकदा हलवतो.